‘इकान’ कोणी म्हणावे?

चाकणच्या एका कारखान्यातून जपानला जायचा माल अकरा दिवस उशिरा निघाला. दोष कारखान्याचाच होता. साच्यातली एक खोट वेळेवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. तिथले एक अधिकारी हौसेने जपानी शिकत होते, जपानी भाषेच्या परीक्षेत एन-३ या पायरीपर्यंत पोचलेले. इंग्रजी पत्राखाली दोन ओळी जपानीत घातल्या तर समोरच्यांना बरे वाटेल, असे त्यांच्या मनात आले. ‘झालेल्या उशिराबद्दल आम्हांस अत्यंत खेद आहे’ हे वाक्य डोक्यात धरून त्यांनी शब्दकोशात खेद शोधला आणि सापडलेल्या शब्दांतला सर्वांत भारदस्त उचलला: इकान. ‘माकोतो नी इकान नी ओमोइमासु.’ पत्र गेले. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला तेव्हा मी दुभाषी म्हणून मध्ये बसले होते. पलीकडचे गृहस्थ अतिशय मऊ आवाजात विचारत होते, की या उशिराला आमच्या बाजूने काही कारण घडले आहे काय?

पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती. फक्त ते वाचणाऱ्याला असे वाटत होते, की पुरवठादाराने गिऱ्हाइकालाच समज दिली आहे. ‘घडला प्रकार अत्यंत अनुचित असून आम्ही त्याबद्दल नापसंती नोंदवतो’ असा काहीसा त्याचा सूर लागत होता. उशीर करणाराच उशिराबद्दल नापसंती नोंदवतो, हे त्या गृहस्थांच्या डोक्यात बसेना. म्हणून त्यांनी सभ्यपणे स्वतःकडेच बोट वळवून पाहिले.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि एन-१ या सर्वांत वरच्या पायरीच्या परीक्षेला बसणारेही कमी नाहीत. हा शब्द त्याच पायरीवर भेटतो. मुले तो पाठ करतात, चिनी अक्षरे घोटतात, परीक्षेत योग्य पर्यायावर खूण करतात. तरीही त्यांना तो आलेला नसतो, असे माझे मत आहे. शिष्टाचाराचा शब्द येणे म्हणजे तो कोणी, कोणाला, कोणत्या जागेवरून म्हणायचा हे कळणे. ‘इकान’च्या बाबतीत तर ही जागाच सगळा अर्थ ठरवते.

शब्द दोन चिनी अक्षरांचा आहे. पहिल्या ‘इ’चा अर्थ मागे उरणे किंवा मागे ठेवणे. वारसा या अर्थाच्या ‘इसान’मध्ये हेच अक्षर आहे. दुसऱ्या ‘कान’चा अर्थ मनाला लागून राहिलेली हळहळ. गंमत अशी, की या दुसऱ्या अक्षरात हृदयाचे चिन्ह दोनदा येते: एकदा डावीकडे उभे, एकदा खाली आडवे. जपानी सरकारच्या पत्रकांतला हा सर्वांत थंड शब्द, आणि त्याच्या एका अक्षरात दोन काळजे! मूळ अर्थ साधा आहे. गोष्ट हवी तशी झाली नाही, आणि त्याची रुखरुख मागे राहिली. म्हणूनच त्याचे नकारी रूप ‘इकान नाकु’ हे क्रीडावृत्तांत सहज येते. एखाद्या खेळाडूने आपले कसब ‘इकान नाकु’ दाखवले म्हणजे रुखरुख राहू नये इतके, पुरेपूर दाखवले. आणि जुन्या वळणाचे जपानी आजोबा नातवाला ‘इकान!’ म्हणून दटावतात तो शब्द कानाला सारखा, पण कुळ वेगळे. त्याचा अर्थ ‘हे चालायचं नाही’. पत्रकातल्या ‘इकान’मधून मला अनेकदा हा आजोबांचा ‘इकान’ ऐकू येतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते चूक आहे. कानाच्या दृष्टीने फारसे नाही.

आता या शब्दात काय नाही ते पाहावे. त्यात चूक कोणाची हे नाही. रुखरुख आहे, ती कोणामुळे, हे वाक्याबाहेर ठेवलेले आहे. त्यामुळे ज्याचे नुकसान झाले तो ‘इकान’ म्हणू शकतो, ज्याने केले तोही म्हणू शकतो, आणि रस्त्यावरून जाणारा तिसराही. उत्तर कोरियाचे क्षेपणास्त्र जपानजवळच्या समुद्रात पडले की तोक्योतून ‘इकान’ निघतो. एखाद्या मंत्र्याच्या कचेरीत पैशांचा घोळ सापडला की त्या मंत्र्याच्याही तोंडून ‘इकान’च निघतो. पहिल्या ठिकाणी तो निषेधाकडे झुकतो, दुसऱ्या ठिकाणी माफीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. जपानी लोक याची थट्टा करतातच. सरकारच्या या निषेधाला त्यांनी ‘इकान-होऽ’ म्हणजे ‘इकान तोफ’ असे नाव दिले आहे: आवाज मोठा, गोळा नाही.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्या भाषेतही माफीचे असेच थर आहेत. खेद आणि क्षमा संस्कृतातून आलेले, दिलगिरी फारसीतली, माफी अरबीतून फारसीमार्गे आलेली. आईच्या हातून ताट पडले आणि वरण सांडले तर ती ‘मला खेद आहे’ म्हणत नाही. खेद हा ठरावात, पत्रकात, विधानसभेच्या कामकाजात राहतो. रस्ता खणून ठेवणारे ‘क्षमस्व’ची पाटी लावतात, रेल्वे ‘दिलगीर आहोत’ म्हणते आणि लोकलमधला माणूस पायावर पाय पडला तर नुसता खांद्याला हात लावतो, त्यातच सगळे येते. जपानीतही चिनी मुळाचे शब्द वरच्या थरात बसतात आणि देशी शब्द अंगणात वावरतात. ‘इकान’ आणि ‘शाझाई’ वरचे. ‘शाझाई’तले दुसरे अक्षर गुन्ह्याचे असल्याने तो शब्द वापरणाऱ्याने दोष पत्करलेला असतो. पहिले अक्षर मात्र आभाराच्या ‘कान्शा’तही असते, म्हणजे ऋण मान्य करणे आणि अपराध मान्य करणे ही एकाच अक्षराची कामे. खालच्या थरात ‘सुमिमासेन’, शब्दशः ‘हे इथे संपत नाही’, आणि कामाच्या पत्रव्यवहारात ‘मोऽशिवाके गोझाइमासेन’. याचे मराठी मला नेहमी एकच सुचते: सबब सांगायला तोंड नाही. चाकणच्या त्या पत्रात हे शेवटचे वाक्य हवे होते.

आपल्याकडे थरांखेरीज आणखी एक सोय आहे, आणि ती शब्दांत नाही, व्याकरणात आहे. ‘मी काच फोडली’ आणि ‘काच फुटली’. मधली वाट म्हणून ‘माझ्याकडून काच फुटली’. या ‘कडून’मध्ये मी आहे, पण दाराआड उभा आहे. जपानीतही फोडणे-फुटणे अशा क्रियापदांच्या जोड्या भरपूर आहेत आणि तिथेही माणसे गरजेप्रमाणे दुसरे क्रियापद निवडतात. तेव्हा ‘जपानी भाषाच गुळमुळीत, आपली कशी रोखठोक’ असा निवाडा करणाऱ्यांनी आपल्या नेत्यांचे ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो’ हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. ‘असतील तर’ या दोन शब्दांनी त्यात जे साधले आहे, ते साधायला जपानी राजकारण्याला ‘इकान’ लागतो.

शब्दाची खरी कसोटी मात्र कारखान्याच्या पत्रात लागत नाही. ती युद्धाच्या हिशेबात लागते.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी दुपारी जपानी प्रजेने आपल्या सम्राटाचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा ऐकला. भाषा इतकी जुन्या, दरबारी वळणाची होती, की अनेकांना युद्ध संपले एवढेसुद्धा कळले नाही. नंतर निवेदकाने ते पुन्हा वाचून समजावले. त्या घोषणेत मृत प्रजाजनांबद्दल बोलताना सम्राटाची आतडी तुटतात, तशी शब्दयोजना आहे. पूर्व आशियाच्या ‘मुक्ती’साठी जपानला साथ देणाऱ्या मित्रराष्ट्रांबद्दल मात्र ‘इकान’ आहे. (जपानने १९४३ साली मान्यता दिलेल्या सरकारांत सुभाषबाबूंचे आझाद हिंद सरकारही होते, हे इथे आठवावे.) आणि ज्या देशांवर जपानी फौजा चालून गेल्या त्यांच्या वाट्याला ‘इकान’सुद्धा आला नाही. एकाच मजकुरात शब्दांची उतरंड इतकी स्पष्ट मांडलेली क्वचितच पाहायला मिळते.

कोरियाला तो शब्द वीस वर्षांनी मिळाला. फेब्रुवारी १९६५ मध्ये परराष्ट्रमंत्री शिइना एत्सुसाबुरो सोलच्या किंपो विमानतळावर उतरले आणि म्हणाले, की दोन देशांच्या दीर्घ इतिहासात एक दुर्दैवी काळ होता ही खरोखर इकानची गोष्ट आहे आणि आपण त्याबद्दल खोल आत्मपरीक्षण करतो. पस्तीस वर्षांची वसाहत ‘दुर्दैवी काळ’ झाली. काळ दुर्दैवी होता. जणू अवर्षण पडले होते. १९८४ मध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष चुन दू-ह्वान तोक्योला गेले तेव्हा खुद्द सम्राट हिरोहितोंनी मेजवानीत जवळजवळ हीच वाक्यरचना वापरली: दुर्दैवी भूतकाळ ‘अस्तित्वात होता’ ही इकानची गोष्ट. १९९० मध्ये सम्राट अकिहितो एक पाऊल पुढे गेले आणि त्यांनी ‘त्सूऽसेकी’ हा शब्द काढला. पहिले अक्षर वेदनेचे, दुसरे गमावल्याच्या हळहळीचे. रोजच्या बोलण्यात जवळपास न आढळणारा शब्द. दुःख वाढले होते. दुःख देणारा या वेळी वाक्यात डोकावला, पण ‘आपल्या देशाकडून’ अशा ‘कडून’च्या दाराआडून.

चीनच्या बाबतीत तर वेगळाच घोटाळा झाला. सप्टेंबर १९७२ मध्ये पंतप्रधान तानाका काकुएई पेकिंगला गेले आणि मेजवानीच्या भाषणात म्हणाले, की आम्ही चिनी जनतेला मोठा ‘मेइवाकु’ दिला. हा शब्द जपानीत शेजाऱ्याला झालेल्या त्रासापासून गंभीर उपद्रवापर्यंत ताणता येतो. चिनी भाषांतरात त्याची ‘गैरसोय’ झाली. बाईच्या परकरावर चुकून पाणी उडाले तर म्हणतात तो शब्द, अशी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या बाजूची नाराजी होती. चारच दिवसांनी निघालेल्या संयुक्त निवेदनात मग ‘जबाबदारीची तीव्र जाणीव’ आली. भाषांतरकाराला दोष देणे सोपे आहे, आणि माझा धंदाच तो असल्याने मी त्याची बाजू घेणार हे उघड आहे. पण मला खरेच वाटते की चूक भाषांतराच्या आधीच झाली होती. इतका ताणता येणारा शब्द मुद्दामच निवडला जातो.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी, युद्ध संपल्याला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, पंतप्रधान मुरायामा तोमिइची यांच्या निवेदनात ‘ओवाबी’ आला. ‘वाबी-साबी’ हा शब्द आपल्याकडे आता घरसजावटीच्या पुरवण्यांतूनही दिसतो; त्यातला ‘वाबी’ आणि हा माफीचा ‘वाबी’ एकाच जुन्या क्रियापदातून आले आहेत. त्याचा अर्थ खचणे, केविलवाणे होणे. म्हणजे माफी मागणारा खाली उतरतो. ‘इकान’ म्हणणारा आहे तिथेच उभा असतो. मुरायामांच्या निवेदनात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते ‘ओवाबी’पेक्षा ती महत्त्वाची: वसाहती राजवट आणि आक्रमण यांमुळे ‘आपल्या देशाने’ आशियातल्या लोकांचे नुकसान केले, असे तिथे सरळ म्हटले आहे. कर्ता दाराआडून पुढे आला. शिइनांच्या त्या विमानतळापासून हे वाक्य तीस वर्षांवर होते.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग हा ‘इकान’ शब्दकोशातून काढूनच टाकावा, लबाडांची सोय ती. मी तसे म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे.

तीच दोन अक्षरे चिनी भाषेत ‘यीहान’ आणि कोरियन भाषेत ‘युगाम’ म्हणून राहतात. ऑगस्ट २०१५ मध्ये दोन कोरियांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात सुरुंग फुटून दक्षिणेचे दोन सैनिक पायांनी अधू झाले. दक्षिणेने सीमेवरचे ध्वनिक्षेपक पुन्हा सुरू केले, तोफा झडल्या, दोन्ही सैन्ये सज्ज झाली. मग वाटाघाटी झाल्या आणि २५ ऑगस्टच्या निवेदनात उत्तर कोरियाने, सुरुंग फुटून दक्षिणेच्या सैनिकांना इजा झाली याबद्दल ‘युगाम’ व्यक्त केला. सुरुंग फुटला, कोणी पेरला ते नाही. दक्षिणेने ती माफी म्हणून घेतली आणि ध्वनिक्षेपक बंद केले. आठवड्याभराने उत्तरेने खुलासा केला, की युगाम म्हणजे ‘तुमचे असे झाले, वाईट झाले’ एवढेच. तोवर तोफा थंडावल्या होत्या. इथे कर्ता सांगायचा आग्रह धरला असता तर कदाचित माणसे मेली असती. २००१ मध्ये हैनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली तेव्हाही दोन्ही राजधान्यांत याच शब्दांच्या पायऱ्यांवरून घासाघीस चालली होती: यीहान पुरे, की त्याच्या वरची पायरी हवी? विमानातल्या चोवीस माणसांची सुटका त्या पायरीवर अडली होती.

तेव्हा दोष कोणाचा हे ठरलेले नसताना, किंवा ठरवायला बसले तर आगच लागेल अशा वेळी, कर्ता नसलेला शब्द हे माणसांनी शोधलेले मोठे शहाणे साधन आहे. ज्याचे नुकसान झाले आहे त्याने तो वापरला तर त्यात संयम आहे. तिऱ्हाइताने वापरला तर त्यात सभ्यता आहे. माझे भांडण फक्त एका वापराशी आहे: ज्याच्या हातून घडले, आणि त्याच्याच हातून घडले हे त्याला ठाऊक आहे, अशाने तो वापरण्याशी. तो बळीच्या जागी जाऊन बसतो आणि तिथून हळहळतो. मूळ नुकसान झालेल्या माणसाला मग बसायला जागाच उरत नाही.

मिनामातात हे पैशांच्या रूपाने घडले. क्यूशूच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी खाडीत जात होते, मासे खाणारी माणसे वाकडी होऊन मरत होती. रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ ची. ऑक्टोबर १९५९ मध्ये कंपनीच्याच डॉक्टरांनी, होसोकावा हाजिमे यांनी, सांडपाणी घातलेले अन्न मांजरीला चारून तिला तोच रोग झालेला पाहिला. म्हणजे कंपनीला ठाऊक होते. त्याच वर्षी ३० डिसेंबरला तिने रोग्यांशी करार केला: मृतामागे ३ लाख येन, प्रौढ रोग्याला वर्षाला १ लाख, मुलाला ३० हजार. आणि पुढे सांडपाणीच कारण ठरले तरी आणखी काही मागायचे नाही. या पैशांना नाव दिले ‘मिमाइकिन’. ‘मिमाइ’ म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणे. मोसंबी घेऊन जातो आपण, तसे. भरपाई म्हटले असते तर दोष आला असता. भेटीला गेलेल्या पाहुण्यावर दोष कसला? आपल्या सरकारी मराठीतला ‘सानुग्रह अनुदान’ हा शब्द मी वाचते तेव्हा मला मिनामाता आठवते. अनुग्रह करणारा वर असतो, घेणारा खाली, आणि देणे लागतो कोण हा प्रश्न शब्दातच मिटवलेला असतो. कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च १९७३ मध्ये तो करार नीतिबाह्य म्हणून रद्दबातल ठरवला. न्यायाधीशांना, माझ्या समजुतीप्रमाणे, एका शब्दाचाही निकाल द्यावा लागला होता.

जपानी माणसाला सरळ बोलता येत नाही, असे मात्र यावरून कोणी समजू नये. २४ नोव्हेंबर १९९७ रोजी यामाइची सेक्युरिटीज ही जुनी दलालपेढी बुडाली. वार्ताहर परिषदेत अध्यक्ष नोझावा शोऽहेइ रडत उभे राहिले आणि म्हणाले, वाईट आम्ही आहोत, कर्मचारी वाईट नाहीत. शाळकरी मुलाला समजेल असा ‘वारुइ’ हा शब्द, आणि त्याला स्पष्ट कर्ता. खरे तर लपवलेले तोटे त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्यांच्या काळातले होते, आणि ते स्वतः त्या पदावर येऊन काही महिनेच झाले होते. तरी ते ‘आम्ही’ म्हणाले. जपानमध्ये ते दृश्य अजून विसरलेले नाहीत. काहींनी त्यांना भाबडे म्हटले. मला त्या वाक्यातले व्याकरण आवडते.

चाकणचे सांगायचे राहिले. दुसरे पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिले. आधी ‘सबब सांगायला तोंड नाही’, मग साच्यात काय चुकले, कोणाच्या तपासणीतून निसटले, पुन्हा निसटू नये म्हणून काय बदलले. जपानी कारखान्यांत या शेवटच्या भागाला ‘साइहात्सु बोऽशि’ म्हणतात, पुनरावृत्ती-प्रतिबंध. चाकणच्या शॉप फ्लोअरवर कायझेन (सतत सुधारणा) आणि पोका-योके (चुकीला वावच न ठेवणे) हे शब्द सगळ्यांना तोंडपाठ आहेत. हा शब्दही तिथल्या फळ्यावर लिहावा, असे मी सुचवून आले. त्या अधिकाऱ्यांनी ‘इकान’ खोडताना विचारले, ‘मॅडम, मग हा शब्द शिकायचा कशाला?’ मी म्हटले, ‘पुढच्या वेळी त्यांच्याकडून सुटे भाग उशिरा आले की वापरा. तेव्हा अगदी बरोबर बसेल.’

मिनामातात १ मे २०२४ रोजी, रोगाच्या नोंदीच्या वार्षिक दिवशी, पर्यावरणमंत्री इतोऽ शिंतारो पीडितांच्या संघटनांना भेटायला गेले होते. प्रत्येकाला बोलायला ३ मिनिटे दिली होती. वेळ संपताच मंत्रालयाच्या माणसांनी बोलणाऱ्यांचे माइक बंद केले. माइक बंद झाल्याची आपल्याला जाणीव नाही, असे मंत्री तेव्हा म्हणाले. आठवड्याने, ८ मे रोजी, ते पुन्हा मिनामाताला गेले, ज्यांचे बोलणे तोडले होते त्यांच्यापुढे वाकले आणि ‘ओवाबी’ म्हणाले.